टेबलावरचा फोन स्थिर आहे, हे फोनला कसं कळतं?

फोन टेबलावर सपाट ठेवा, स्क्रीन वरच्या बाजूला. फायफॉक्स नावाचं एक मोफत अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठात तयार झालेलं. फोनमधल्या सेन्सरांचे कच्चे आकडे ते जसेच्या तसे दाखवतं. त्यात गुरुत्वासहित त्वरण मोजण्याचा प्रयोग उघडा. फोन निपचित पडलाय, तरी एका अक्षावर ९.८ च्या आसपासचा आकडा दिसतो. आता जाड गादीवर, जपून, फोन अर्ध्या मीटरवरून सरळ सोडून द्या. तो जेमतेम ०.३ सेकंद हवेत असतो, पण नोंदलेला आलेख नंतर नीट पाहिला तर तेवढ्या वेळात तिन्ही आकडे शून्याजवळ आलेले दिसतात.

म्हणजे पडून राहिलेला फोन ‘त्वरण ९.८’ असं सांगतो, आणि खरोखर वेग घेत खाली येणारा फोन ‘शून्य’ सांगतो. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा सेन्सर बिघडलाय असंच वाटलं होतं. तो बिघडलेला नसतो. आपण त्याला विचारतो एक आणि तो सांगतो दुसरंच. ‘फोन हलतोय का?’ हा प्रश्न एका ओळीचा आहे, पण ज्याला तो विचारायचा तो फोनमधला त्वरणमापक, म्हणजेच अ‍ॅक्सेलेरोमीटर हालचाल मोजतच नाही. हे एकदा पक्कं समजलं की पुढची गणितं सोपी होतात. नाही समजलं, तर कितीही काळजीने प्रोग्रॅम लिहिला तरी तो कुठेतरी दगा देतो. म्हणून आधी त्या चिपच्या आत डोकावू.

डबी, ठोकळा आणि स्प्रिंगा

एक बंद डबी डोळ्यांपुढे आणा. मधोमध एक ठोकळा, आणि तो सगळ्या बाजूंनी स्प्रिंगांनी भिंतींना बांधलेला. डबी उजवीकडे झटक्याने ढकलली, तर ठोकळा जडत्वामुळे मागे राहू पाहतो, म्हणजे डबीच्या मानाने डावीकडे सरकतो. किती सरकला त्यावरून झटका केवढा होता ते कळतं.

आता तीच डबी नुसती टेबलावर ठेवा. पृथ्वी ठोकळ्याला खाली ओढते. खालच्या स्प्रिंगा दबतात, वरच्या ताणतात. डबीच्या आत बसून पाहणाऱ्याला एवढंच दिसतं, की ठोकळा खाली सरकलाय. डबी पृथ्वीपासून दूर अवकाशात वरच्या दिशेने ९.८ च्या त्वरणाने सुटलीय म्हणून तो सरकला, की डबी टेबलावर निवांत टेकलीय म्हणून, हे आतून ओळखण्याचा कोणताही मार्ग नाही. आणि डबी मोकळी सोडली तर? डबी आणि ठोकळा दोघंही सारख्याच त्वरणाने पडतात, स्प्रिंगांना ना दाब ना ताण. आकडा शून्य. उंचावरून पडणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन जाणवणार नाही, हा विचार आइन्स्टाइनला १९०७ मध्ये सुचला आणि त्यातून पुढे गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत उभा राहिला. तोच विचार आज प्रत्येक फोनमध्ये, काही मिलिमीटरच्या चिपमध्ये बसलेला आहे.

तेव्हा हा सेन्सर खरं तर आधार मोजतो. टेबल, हात, खिसा, गाडीची सीट, जे काही फोनला धरून आहे ते त्याला किती आणि कोणत्या दिशेने रेटतंय, एवढंच त्याला कळतं. पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

खऱ्या चिपमध्ये ठोकळा सिलिकॉनचा असतो, वजनाने मायक्रोग्रॅमच्या घरातला, आणि स्प्रिंगा म्हणजे त्याच सिलिकॉनच्या कोरलेल्या बारीक पट्ट्या. ठोकळ्याला कंगव्यासारखे दात असतात. ते दात भिंतीला पक्क्या बसवलेल्या दुसऱ्या कंगव्याच्या दातांमध्ये, स्पर्श न करता, अडकवलेले असतात. दोन दातांमधलं अंतर बदललं की त्यांची विद्युतधारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते, आणि तो बदल चिपमधलं सर्किट मोजतं. ठोकळ्याचं हे सरकणं नॅनोमीटरमध्ये मोजावं लागतं. माणसाचा केस साधारण पन्नास हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून कल्पना यावी. अशा चिपा १९९० च्या दशकात मोटारींच्या एअरबॅगसाठी पसरल्या आणि नंतर फोनमध्ये आल्या. इतकी नाजूक यंत्रणा फोन हातातून निसटूनही वर्षानुवर्षं चालते, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

फोनमध्ये तीन अक्षांवर मोजणी होते. एक्स स्क्रीनच्या रुंदीच्या दिशेने, वाय लांबीच्या दिशेने, झेड स्क्रीनमधून बाहेर आपल्याकडे येणारा. अँड्रॉइड हे आकडे मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात देतो आणि उताण्या फोनचा झेड अधिक ९.८ दाखवतो. आयफोन पृथ्वीच्या गुरुत्वाला १ धरतो आणि त्याच अवस्थेत उणे १ दाखवतो. दोन्हींसाठी एकच प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने हा फरक पहिल्या दिवशीच लिहून ठेवावा.

‘हलतोय’ म्हणजे नेमकं काय

गॅलिलिओने १६३२ मध्ये एक सुंदर दाखला मांडला होता. जहाजाच्या तळातल्या बंद खोलीत फुलपाखरं उडताहेत, टांगलेल्या भांड्यातून थेंब खालच्या भांड्यात पडताहेत. जहाज उभं असो वा संथ पाण्यावर एकाच वेगाने सरळ जात असो, खोलीतल्या कशावरूनही ते ओळखता येणार नाही. आपला फोन त्या खोलीतच बसलेला आहे. ताशी ९०० किलोमीटरने, जराही न थरथरता, सरळ उडणाऱ्या विमानात त्याला टेबलावरचाच ९.८ दिसेल. फोनला वेग कळत नाही, वेगातला बदल तेवढा कळतो. हा सेन्सरचा दोष नाही आणि महागडी चिप घेऊन तो जाणारही नाही. निसर्गाचा नियमच तसा आहे.

मग ‘फोन हलतोय का’ या प्रश्नात प्रत्यक्षात निरनिराळे प्रश्न लपलेले असतात. कुणाला जाणून घ्यायचं असतं, की फोन आत्ता कुणाच्या हातात आहे की टेबलावर? कुणाला हवं असतं, की फोनवाला माणूस चालतोय, गाडीत आहे की बसलाय? तर कुणाचा प्रश्न असा, की फोन होता तिथेच आहे की त्याची जागा बदलली? पहिल्याचं उत्तर अ‍ॅक्सेलेरोमीटर जवळजवळ नेहमी बरोबर देतो. दुसऱ्याचं उत्तर त्याला अंदाजाने देता येतं, आणि ते बरंच चांगलंही येतं. तिसऱ्याचं उत्तर तो एकटा देऊ शकत नाही. माझ्या पाहण्यात आलेले बहुतेक घोटाळे असे झाले, की तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं आणि पहिल्याचं मोजलं गेलं.

९.८१ कधीच ९.८१ नसतो

पहिल्या, सोप्या प्रश्नापासून सुरुवात करू. सर्वांना आधी सुचते ती युक्ती अशी: तिन्ही आकड्यांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. त्यातून एकूण त्वरणाचं मान मिळतं. ते ९.८१ असेल तर फोन स्थिर, नसेल तर हलतोय.

मीही एका छोट्या प्रोग्रॅममध्ये हेच केलं होतं. फोन खाली ठेवला की आवाजाचं रेकॉर्डिंग थांबावं, इतकीच अपेक्षा. माझ्या फोनवर ते उत्तम चाललं. दुसऱ्या एका फोनवर रेकॉर्डिंग थांबेचना, कारण तो फोन टेबलावर पडल्या पडल्या ९.६ दाखवत होता आणि माझ्या प्रोग्रॅमच्या लेखी तो अखंड हलत होता.

यात नवल काहीच नव्हतं. प्रत्येक चिपला स्वतःची एक कायमची चूक असते. शून्य दाखवायला हवं तिथे ती थोडं कमी किंवा जास्त दाखवते. फोनमधल्या चिपांत ही चूक गुरुत्वाच्या काही टक्क्यांपर्यंत असू शकते, म्हणजे ०.२ मीटर प्रति सेकंद वर्गाचा फरक सहज पडतो. चिप बोर्डावर डाखताना तिच्यावर ताण येतो, तापमान बदलतं, त्यानुसार ही चूकही सरकते. शिवाय पृथ्वीचं गुरुत्व सगळीकडे सारखं नसतं. विषुववृत्तावर ते सुमारे ९.७८० आणि ध्रुवांवर ९.८३२ असतं. पुस्तकातला ९.८१ हा सोयीचा आकडा आहे. त्याच्याशी तुलना करून फोनची परीक्षा घेणं अन्यायाचं आहे.

याच युक्तीत दुसरी एक गळती आहे, आणि ती जास्त फसवी आहे. उताणा फोन हळूच ३० अंशांनी तिरका करा. आधी आकडे ०, ०, ९.८१ होते, आता साधारण ४.९, ०, ८.५ होतील. वर्गांची बेरीज करून मूळ काढा: पुन्हा ९.८१. फोन उघड उघड फिरला, कुणीतरी तो हातात घेतला, आणि एकूण मान तसूभरही बदललं नाही. हळू फिरवलेला फोन या कसोटीला दिसतच नाही. त्यामुळे तिन्ही अक्ष वेगवेगळे पाहावे लागतात. आधीच्या आणि आत्ताच्या आकड्यांमधला फरक अक्षागणिक काढला तर वरच्या उदाहरणात तो एकूण ५.१ च्या जवळपास येतो. तो नजरेतून सुटणं शक्य नाही.

फोनची तुलना फोनशीच

यातून वाट निघते ती अशी. बाहेरचा कुठलाही आकडा प्रमाण मानायचा नाही. फोन आत्ता जे सांगतोय ते त्याने क्षणभरापूर्वी सांगितलेल्याशी ताडून पाहायचं. चिपची कायमची चूक दोन्ही वेळा सारखीच असते, म्हणून वजाबाकीत ती निघून जाते.

पण लागोपाठच्या दोनच रीडिंगवर विसंबू नये. स्थिर फोनचे आकडेही थोडे थोडे थरथरत असतात. हा सर्किटचा आणि त्या इवल्या ठोकळ्याचा अंगभूत गोंगाट. एखादंच रीडिंग त्या गोंगाटामुळे भलतीकडे उडी मारू शकतं. म्हणून एक-दोन सेकंदांची खिडकी घ्यायची, तिच्यातली सगळी रीडिंग जमवायची आणि ती सरासरीभोवती किती पसरलीत ते पाहायचं. संख्याशास्त्रात या पसरटपणाला प्रमाण विचलन म्हणतात. नाव जड आहे, काम साधं आहे: प्रत्येक रीडिंग सरासरीपासून किती दूर ते काढा, त्याचा वर्ग करा, वर्गांची सरासरी काढा, आणि तिचं वर्गमूळ घ्या.

हिशेब करूनच पाहू. टेबलावरच्या फोनची पाच रीडिंग अशी आली समजा: ९.८३, ९.८१, ९.८४, ९.८२, ९.८३. सरासरी ९.८२६, प्रमाण विचलन ०.०१. तोच फोन हातात, जमेल तितका स्थिर धरून: ९.७१, ९.८८, ९.७९, ९.९३, ९.७६. सरासरी ९.८१४, प्रमाण विचलन ०.०८. सरासऱ्या पाहिल्या तर दोन अवस्थांत काही फरक वाटत नाही. पसरटपणा मात्र आठपट वाढला. निरोगी माणसाचा हातही सेकंदाला आठ ते बारा वेळा बारीक कंप पावत असतो. तो आपल्याला जाणवत नाही, फोनला जाणवतो. चालताना तर पसरटपणा १ च्या वर सहज जातो.

उदाहरण सुटसुटीत व्हावं म्हणून मी एकच आकडा घेतला. प्रत्यक्षात हाच हिशेब तिन्ही अक्षांवर करून शेवटी बेरीज करावी, म्हणजे हळू फिरवण्याची ती गळती बुजते.

आता ‘हलतोय’ म्हणण्याचा उंबरठा कुठे ठेवायचा? ०.०१ आणि ०.०८ यांच्या मध्ये कुठेतरी, हे उघड आहे. पण गोंगाट प्रत्येक फोनचा वेगळा असतो. मला पटलेला मार्ग असा, की उंबरठा प्रोग्रॅममध्ये ठोकून न बसवता फोनकडूनच शिकावा. पसरटपणाची सर्वांत लहान किंमत गेल्या काही तासांत कोणती होती ते लक्षात ठेवायचं. बहुतेक फोन दिवसातून कधी ना कधी टेबलावर पडून राहतात, आणि ती किंमत म्हणजे त्या फोनची शांतता. तिच्या तिप्पट-चौपट उंबरठा धरला की निरनिराळ्या फोनांवर सारखं वागणं मिळतं.

एकाच उंबरठ्यावर भागत नाही, हेही अनुभवानेच कळतं. किंमत नेमकी रेषेवर घुटमळायला लागली की उत्तर ‘हलतोय, स्थिर, हलतोय, स्थिर’ असं लुकलुकत राहतं. त्यावर उपाय म्हणून दोन उंबरठे ठेवतात. ‘हलतोय’ म्हणायला वरचा ओलांडावा लागतो, ‘स्थिर’ म्हणायला खालच्याच्याही खाली यावं लागतं, आणि तेही सलग काही सेकंद. हलण्याची बातमी चटकन द्यावी, थांबल्याची बातमी खात्री करून द्यावी. वाचता वाचता माणूस काही क्षण निश्चल होतो, म्हणून त्याने फोन खाली ठेवला असं होत नाही.

०.८ ची गोष्ट

अनेकांना गुरुत्व बाजूला काढून नुसती हालचाल हवी असते. त्याचा प्रचलित मार्ग फिल्टरचा. गुरुत्वाचा अंदाज सतत बाळगायचा, आणि प्रत्येक नव्या रीडिंगला जुन्या अंदाजाचे ०.८ भाग अधिक नव्या रीडिंगचे ०.२ भाग घेऊन तो सुधारायचा. हा अंदाज रीडिंगमधून वजा केला की उरते ती हालचाल. अँड्रॉइडच्या अधिकृत मार्गदर्शिकेतल्या उदाहरणात हाच ०.८ आहे, आणि तिथून तो असंख्य प्रोग्रॅममध्ये उतरला आहे.

मला या आकड्याबद्दल कळकळीने सांगायचंय, कारण तो एकटा निरर्थक आहे. सेकंदाला पाच रीडिंग येत असतील, तर ०.८ चा फिल्टर नव्या स्थितीशी सुमारे नव्वद टक्के जुळायला दोन सेकंद घेतो. सेकंदाला पन्नास येत असतील, तर तेच काम ०.२ सेकंदात उरकतो. आकडा तोच, वागणं दहापट वेगळं. माणूस चालताना सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो. पन्नासाच्या गतीवर हा फिल्टर इतका चपळ होतो, की पावलांचे हिसकेसुद्धा गुरुत्वाच्या अंदाजात मिसळतात आणि वजाबाकीत हालचालीचा बराचसा भाग नाहीसा होतो. प्रोग्रॅम हळू चालणाऱ्या माणसाला कधी कधी स्थिरही ठरवतो आणि लिहिणारा उंबरठ्याशी झटत बसतो. आधी ठरवावं, की अंदाज किती सेकंदांत जुळायला हवा. मग रीडिंगची गती पाहून आकडा काढावा. तीही मागितली तेवढीच मिळते असं नाही. म्हणून प्रत्येक रीडिंगसोबत येणारी वेळेची नोंद वापरावी.

जिथे जायरोस्कोपही (फोन किती वेगाने फिरतोय ते मोजणारा सेन्सर) असतो, तिथे फोनची प्रणाली दोन्ही सेन्सरांचं मिळून गुरुत्व वेगळं काढून देते. ते उत्तर घरच्या फिल्टरपेक्षा पुष्कळ चांगलं असतं. पण जायरोस्कोप अ‍ॅक्सेलेरोमीटरच्या कित्येक पट वीज खातो, म्हणून तो चोवीस तास चालू ठेवण्याजोगा नाही.

वेग काढता येईल का?

शाळेतलं गणित आठवणारा कुणीही विचारेल, की त्वरणाची बेरीज करत गेलं तर वेग मिळतो, वेगाची बेरीज केली तर अंतर मिळतं, मग फोन किती सरकला हे का नाही सांगता येणार? तत्त्वतः येतं. क्षेपणास्त्रं आणि पाणबुड्या याच मार्गाने वाट काढतात, फार वेगळ्या प्रतीच्या सेन्सरांनी. फोनमध्ये मात्र चुकीचीही बेरीज होत जाते. ०.०१ मीटर प्रति सेकंद वर्गाची क्षुल्लक चूक घ्या. मिनिटभरात ती १८ मीटरचं खोटं अंतर दाखवते. फोनचा कल ठरवण्यात एकाच अंशाची चूक झाली, तर गुरुत्वाचा ०.१७ मीटर प्रति सेकंद वर्ग इतका तुकडा आडव्या हालचालीत शिरतो, आणि टेबलावर पडलेला फोन मिनिटाभरात ३०० मीटर दूर गेल्याचा हिशेब निघतो. चूक काळाच्या वर्गाने वाढते, म्हणून वाट पाहून ती सुधारत नाही, हाताबाहेर जाते. दोन लागोपाठ रीडिंगमधल्या फरकाला प्रोग्रॅममध्ये ‘वेग’ असं नाव दिलेलंही मी अनेकदा पाहिलंय. तो वेग नाही, त्वरणातला बदल आहे, आणि चुकीच्या नावामुळे पुढचा वाचणारा चुकीच्या वाटेला लागतो.

गाडीतला फोन म्हणूनच वेगळ्या खुणांवरून ओळखतात. मोटारीचा सांगाडा स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण एकदा-दीडदा डोलतो, चाकं दहा ते पंधरा वेळा धडधडतात, आणि चालण्याचा ठेका या दोन्हींहून वेगळा असतो. कोणत्या वारंवारतेला किती ऊर्जा आहे हे पाहिलं, की चालणं आणि गाडी बऱ्यापैकी वेगळी पडतात. लिफ्टमध्ये सुरुवातीला एक छोटा धक्का, शेवटी उलटा धक्का, आणि मधल्या प्रवासात जवळजवळ काही नाही. तिथे हवेचा दाब मोजणारा सेन्सर जास्त कामाचा.

इंजिन चालू ठेवून उभी असलेली गाडी हे कठीण प्रकरण. मिनिटाला ७५० फेऱ्यांनी फिरणाऱ्या चार सिलिंडरच्या, चार आघातांच्या इंजिनात सेकंदाला २५ स्फोट होतात, आणि तेवढ्याच वेळा फोनही थरथरतो. आता रीडिंग सेकंदाला नेमकी पाच घेतली, तर दर रीडिंगच्या वेळी थरथर त्याच टप्प्यावर सापडेल आणि फोन अगदी शांत वाटेल. इंजिनाची गती किंचित बदलली, की तीच थरथर संथ डुलण्यासारखी दिसू लागेल, जे डुलणं प्रत्यक्षात अस्तित्वातच नाही. ज्या कंपनाचा छडा लावायचाय त्याच्या दुपटीहून जास्त गतीने मोजावं, हा जुना नियम इथे डोळ्यांनी पाहायला मिळतो. आणि फोनची स्वतःची कंपनयंत्रणा विसरू नका. फोन आला की टेबलावरचा फोन घुरघुरतो, आणि सेन्सर प्रामाणिकपणे सांगतो की हालचाल झाली. घंटी वाजत असतानाची रीडिंग सरळ सोडून द्यावीत.

मुख्य प्रोसेसर झोपलेला असताना

हे सगळं सतत चालवायचं तर बॅटरीचं काय? अ‍ॅक्सेलेरोमीटर स्वतः फार थोडी वीज घेतो. महाग पडतं ते प्रत्येक रीडिंगसाठी मुख्य प्रोसेसरला उठवणं. म्हणून पहाऱ्याचं काम चिपकडेच किंवा शेजारच्या छोट्या, काटकसरी प्रोसेसरकडे सोपवतात. अ‍ॅपलने २०१३ च्या आयफोन ५एसमध्ये एम७ हा खास सहप्रोसेसर यासाठीच बसवला. त्याच वर्षी अँड्रॉइडमध्ये लक्षणीय हालचाल ओळखणारा सेन्सर आला. त्याची व्याख्या मला फार विचारपूर्वक केलेली वाटते: चालणं, सायकल किंवा गाडीचा प्रवास, म्हणजे ज्यातून माणसाची जागा बदलू शकते अशा हालचालीलाच तो उठतो. फोन खिशात आहे आणि माणूस बसलाय, किंवा शेजारून वाहनं गेल्याने टेबल किंचित हादरलं, तर त्याने गप्प राहायचं असतं. एकदा सूचना दिली की तो आपणहून बंद होतो आणि पुन्हा मागितल्यावरच चालू होतो. वर मांडलेल्या तिसऱ्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारं हे उत्तर आहे, आणि तेही ‘जागा बदलली असावी, आता जीपीएसला विचारा’ एवढंच म्हणतं.

अँड्रॉइड ६.० पासून, म्हणजे २०१५ पासून, फोनची गाढ झोपही यावर अवलंबून आहे. स्क्रीन बंद, चार्जर काढलेला आणि फोन काही काळ निश्चल, अशा वेळी प्रणाली अ‍ॅपांची पार्श्वभूमीतली कामं लांबणीवर टाकते. फोन उचलला की झोप मोडते.

या सेन्सराकडे इतकी वर्षं निरुपद्रवी म्हणून पाहिलं गेलं, ते मात्र चुकलं. २०११ मध्ये जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी दाखवलं, की कीबोर्डशेजारी ठेवलेला फोन टेबलाच्या थरथरीवरून काय टाइप होतंय याचा बराच अंदाज बांधू शकतो. आता अँड्रॉइड १२ पासून खास परवानगीशिवाय अ‍ॅपला सेकंदाला २०० पेक्षा जास्त रीडिंग मिळत नाहीत, आणि आयफोनवर वेबपानाला हालचालीचे आकडे हवे असतील तर आधी विचारावं लागतं. ‘हलतोय की नाही’ एवढंच हवं असेल तर पन्नासही पुष्कळ आहेत. त्याहून जास्त मागू नयेत.

स्थिर फोन ओळखण्याचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा उपयोग मात्र फोनशी थेट संबंधितच नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये मायशेक हे अ‍ॅप आणलं, आणि २०२० मध्ये गूगलने अँड्रॉइड फोनांचंच भूकंप ओळखणारं जाळं उभं केलं. दोन्हीकडे पहिली अट तीच, फोन स्थिर हवा. हातातल्या फोनचा गोंगाट भूकंपाच्या पहिल्या, सौम्य लहरींना सहज गिळून टाकतो. टेबलावरच्या फोनची शांतता ०.०१ इतकी खोल असते, म्हणून त्यात आलेला हादरा उठून दिसतो. मग मायशेक हादऱ्याचा पसरटपणा, शून्यरेषा ओलांडण्याची वारंवारता आणि एकूण साठलेला जोर पाहून ठरवतं, की हा माणसाचा धक्का की जमिनीचा. एकटा फोन चुकू शकतो. म्हणून आसपासच्या अनेक फोनांनी त्याच सुमारास तेच सांगितलं आहे का, हे सर्व्हर तपासतो. कंपनं जमिनीतून सेकंदाला काही किलोमीटर जातात, संदेश त्याहून कितीतरी वेगाने. केंद्राजवळ निश्चल पडलेल्या फोनांनी वेळेत सांगितलं, तर दूरच्या माणसाला जोराचा हादरा पोचण्याआधी काही सेकंद मिळतात, तेवढ्यात तो टेबलाखाली शिरू शकतो.